कोहळा हलला

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या संध्याकाळी बंगळुरूतल्या रुग्णवाहिका कोहळ्यांचे प्राण वाचवायला धावल्या होत्या.

ही अतिशयोक्ती नव्हे. ज्या दिवसाला इथली कन्नड घरे आयुधपूजा म्हणतात, त्या दिवशी हे शहर आपल्या प्रत्येक चाकाला हळदकुंकू लावते, गाड्यांच्या तोंडाला केळीची रोपे बांधते, आणि कोहळ्याला वरून भोक पाडून, आत कुंकू कालवून, माथ्यावर कापूर पेटवून, तो गाडीवरून ओवाळून भर रस्त्यात आपटते. गाडीची दृष्ट कोहळा अंगावर घेतो आणि फुटतो. मागे उरतो पांढरा गर आणि लाल पाणी. खांबावरच्या कॅमेऱ्यातून पाहिले तर हे दृश्य फुटलेल्या मस्तकाहून फारसे निराळे दिसत नाही. माणूस फसत नाही, कारण आज सण आहे हे माणसाला ठाऊक असते. ‘पथाक्ष’ला ते कोणी सांगितले नव्हते.

पथाक्ष हे इंदिरानगरातल्या एका कंपनीने घडवलेले यंत्र. यंत्र कसले, शिकवून तयार केलेली नजरच. ही रिक्षा, ही गाय, हा पडलेला माणूस, अशी लाखो चित्रांची नावे सांगून सांगून त्याला जग ओळखायला शिकवले होते. चौकाचौकांतले कॅमेरे त्याला जोडलेले होते. गर्दी पाहून ते सिग्नलचा वेळ कमीजास्त करी, आणि रस्त्यावर माणूस पडलेला दिसला की चारी बाजूंना लाल दिवा लावून जवळची रुग्णवाहिका बोलावी. त्या संध्याकाळी त्याला शहरभर प्रेतांचा खच दिसला. चौक थिजले. रुग्णवाहिका भोंगे वाजवत पोहोचल्या, आणि दुकानदारांनी चालकांच्या ओंजळीत प्रसादाचे चुरमुरे आणि डाळे घातले. दुसऱ्या दिवशी सगळे शहर हसले. एका गृहस्थाला त्याच सुमारास खराखुरा हृदयविकाराचा झटका आला होता आणि त्याच्यासाठी रुग्णवाहिका शिल्लक राहिली नव्हती. त्याला मात्र या हसण्यात सहभागी होता आले नाही.

पडद्यावरचे चित्र नेमके कशाचे, हे सांगू शकणारी एकच व्यक्ती कंपनीच्या वरच्या मजल्यावर निघाली. ती मनस्विनी, चित्रांना नावे देणाऱ्या विभागाची प्रमुख. तिचे घराणे शहाजीराजांच्या मागोमाग या मुलुखात आले आणि परत जायचे विसरले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि दोहोंच्या मधोमध एक तिसरीच बोली, जिला पुण्याहून आलेले सहकारी प्रेमाने हसत.

“हे पम्पकिन आहे का?” तिचा वरिष्ठ अभिराज पडद्याकडे बोट दाखवून विचारत होता. तो पुण्याचा.

“कोहळा.”

“म्हणजे पेठा करतात तो? तो रस्त्यावर काय करतोय?”

“दृष्ट काढतोय.”

“कुणाची?”

“आज तरी तुझीच.”

हसून झाल्यावर काम तिच्याकडे आले. यंत्राला ‘कोहळा’ हे नवे नाव शिकवायचे होते: लाल-पांढरा पसारा, शेजारी झेंडू, केळीचे पान, सजवलेली गाडी, असे एकत्र दिसले की समजायचे कोहळा. रुग्णवाहिका नको, लाल दिवाही नको. उलट हिरवा दिवा थोडा लांबवायचा, म्हणजे चाकांखाली गर लवकर झिजून जाईल. शिकवण्यासाठी चित्रे हवी होती, आणि ती त्या एका संध्याकाळी ढिगाने जमली होती. प्रत्येक चित्र डोळ्यांखालून घालावे असा नियम होता. पण मुदत तोंडावर आली होती, आणि त्या संध्याकाळी त्या चौकांत कोणी जखमी झाल्याची नोंद कुठल्याही दफ्तरी नव्हती. नोंद नाही, म्हणजे घटना नाही: या सिद्धान्तावर मोठमोठी विद्यापीठे उभी आहेत. मनस्विनीने त्यावर फक्त एक कळ दाबली. सगळा ढीग एका झटक्यात ‘कोहळा’ झाला.

फजितीची पुनरावृत्ती टळावी म्हणून तिने आणखी एक नियम सुचवला. यंत्राचा निर्णय फिरवायचा असेल तर दोघांची संमती लागेल, दोन निरनिराळ्या संगणकांवरून. टिपणात तिने लिहिले होते: “एकट्याच्या भीतीवर शहर थांबवता येणार नाही.” वाक्य तिचे तिलाच फार आवडले होते.

या वर्षी खंडेनवमीला कार्यालयातही पूजा मांडली होती. सगळे संगणक बंद करून, पुसून, त्यांना कुंकवाची बोटे उमटवून झेंडूच्या माळा घातलेल्या. पूजेला बसवलेले आयुध दुसऱ्या दिवशीपर्यंत हातात घ्यायचे नाही, हा रिवाज. सुताराच्या रंध्याला जो न्याय तोच इथे. अभिराजचा देवावर विश्वास नव्हता. पण कंपनीत पैसा घालू पाहणारे परदेशी पाहुणे आज येणार होते, आणि माळा घातलेले संगणक छायाचित्रांत चांगले दिसतात यावर त्याचा गाढ विश्वास होता. भिंतीवरचा मोठा पडदा आणि त्याच्याजवळचा एक संगणक एवढेच जागे ठेवले होते. त्याच्यापुढे मनस्विनी बसली होती.

दुपारी तिच्या वडिलांचा, भगवंतरावांचा फोन आला. ते निवृत्त टर्नर. आनेकलच्या ज्या कारखान्यात आयुष्य काढले, तिथे दर वर्षी या दिवशी जुन्या लेथला कुंकू लावायला त्यांना बोलावणे असे.

“मनू, पहिला मान मलाच दिला बघ मालकानं.”

“जेवलात, अप्पा?”

“पुळियोगरे भात खाल्ला की स्वल्प. निघतो आता.”

“बसनं या. स्कूटर तिथंच राहू दे.”

“आत्ताच तिची पूजा केली, आणि आत्ताच टाकून येऊ? रुसेल की गं ती.”

“रस्ताभर कोहळे फोडलेत. घसराल.”

“घसरलो तर तुझं मशीन आहे की बघायला!” ते हसले. “सरी, ठेवतो. फोन डिकीत टाकतो, नाहीतर तू दर सिग्नलला घंटी वाजवशील.”

तिने पुन्हा फोन लावून पाहिला. वाजत राहिला.

थोड्या वेळाने भाग्यलक्ष्मी प्रसादाचे ताट घेऊन आली. निपाणीकडची ही बाई चित्रांना नावे देणाऱ्यांत सगळ्यांत जुनी. आज रेशमी साडी, डोक्यात गजरा, बोटे कुंकवाने लाल. ताट पुढे करता करता तिची नजर भिंतीवर गेली आणि ताट तिथेच थांबले.

“अक्का, हे कोहळं हललं बघा की.”

“केळीचं पान हललं असेल वाऱ्यानं.”

“पान न्हवं. कोहळं.”

आनेकलचा रस्ता शहराकडे वळतो तिथल्या, चंदापूरजवळच्या एका चौकाचे ते चित्र होते. कडेला लॉऱ्यांचा तळ. मालकांनी ओळीने कोहळे फोडलेले. त्या लाल-पांढऱ्या राडीत आडवी झालेली एक मोटरसायकल, तिची माळ तुटून पसरलेली. भोवती पिवळी चौकट, चौकटीच्या माथ्यावर शब्द: कोहळा. शेजारी यंत्राच्या खात्रीचा आकडा, जवळजवळ पूर्ण. चौकटीत पांढरे, गोल, तडकलेले असे काही होते आणि त्याखालून लाल ओघळ आलेला.

मग त्या गोल वस्तूच्या शेजारी पाच बोटे उघडली आणि मिटली.

ते हेल्मेट होते.

मनस्विनी खुर्चीतून उठली. भीती आधी आली आणि तिच्या मागून, सावकाश, समज आली. गेल्या वर्षीही माणसे गरावरून घसरली असणार. काही लंगडत घरी गेली असतील, काहींना रिक्षात घालून गल्लीतल्या दवाखान्यात नेले असेल. सणाच्या दिवशी तक्रार लिहायला कोण जातो? त्यांची नोंद कुठेच झाली नव्हती. पण त्यांची चित्रे होती. त्या ढिगात होती. आणि तिने, एका कळीने, त्या सगळ्यांना कोहळा म्हटले होते. यंत्र चुकले नव्हते. यंत्राने गुरूचा शब्द प्रमाण मानला होता.

चौकात दिवा हिरवा होता. नेहमीपेक्षा अधिक वेळ हिरवा. तेही तिनेच शिकवलेले. कडेला माणसे हात उंचावून ओरडत होती, पण वाहनांचा लोंढा तुटत नव्हता आणि कोणाला पाऊल टाकता येत नव्हते. लॉऱ्या त्या पांढऱ्या हेल्मेटच्या शेजारून, अंगावर लाल शिंतोडे घेत, जात होत्या.

तिने चौकटीवर बोट नेऊन ‘माणूस’ दाबले. पडद्यावर अदबशीर प्रश्न उमटला: दुसरी संमती?

“भाग्या, अभिराज कुठंय?”

“आत, पाहुण्यांपाशी. अक्का, ते बघा, कोण तरी थांबलं!”

एक जुनी फिकट निळी स्कूटर लोंढ्यातून वाकडी होत आली आणि मोटरसायकलच्या पुढे आडवी उभी राहिली. पुढच्या बाजूला केळीची दोन रोपे. उतरणाऱ्या माणसाचा सदरा पांढरा, कपाळ कुंकवाने भरलेले. तो वाकला, पडलेल्याच्या डोक्याखाली हात घातला, आणि सदऱ्याची बाही लाल झाली.

“अप्पा,” मनस्विनी म्हणाली.

पडद्यावर पिवळी चौकट थरथरली. यंत्राने नवे पुरावे तपासले: सजवलेली गाडी, केळीचे पान, पांढऱ्यावर लाल. मग चौकट रुंदावली आणि तिने अप्पांनाही आत घेतले. माथ्यावरचा शब्द तोच राहिला. खात्रीचा आकडा मात्र किंचित वाढला.

तिने फोन लावला. पडद्यावर निळ्या स्कूटरची डिकी दिसत होती. त्या डिकीत फोन वाजत असणार, आणि रस्त्याच्या गदारोळात तो देवालाही ऐकू जाणार नव्हता. अप्पा उठले. त्यांनी स्कूटरचे एक केळीचे रोप हिसडून काढले आणि येणाऱ्या लॉऱ्यांपुढे ते दोन्ही हातांनी हलवू लागले.

काचेच्या खोलीचे दार तिने कसे ढकलले ते तिला नंतर आठवले नाही. आत नवा कुर्ता घातलेला अभिराज पाहुण्यांना कापूर दाखवत होता. त्याने हसू न मोडता तिला बाहेर आणले.

“काय चाललंय, मनस्विनी?”

“दुसरी संमती दे. आत्ता. चंदापूरला माणूस पडलाय आणि पथाक्ष त्याला कोहळा म्हणतंय.”

“कॉन्फिडन्स किती दाखवतंय?”

“अभिराज, माझे वडील तिथं उभे आहेत! लॉऱ्यांसमोर!”

त्याने काचेतून पाहुण्यांकडे पाहिले. दुष्ट नव्हता तो. दुष्ट माणसे अशा वेळी निदान झटपट निर्णय घेतात. “ओके. ओके. पण मग तू आत्ता ऑब्जेक्टिव्ह नाहीयेस ना. हे बघ, मी यांना चहा देतो आणि येऊन स्वतः चेक करतो. गेल्या वर्षीचा तमाशा आज यांच्यासमोर झाला तर सगळं संपेल.” त्याने तिच्या खांद्यावर थोपटले. “एकट्याच्या भीतीवर शहर थांबवायचं नाही. तुझंच वाक्य आहे.”

दार बंद झाले. आतून घंटा ऐकू आली.

ती धावत परतली. भाग्यलक्ष्मी पडद्यापुढे तशीच उभी होती, पदर तोंडावर दाबून.

“भाग्या, तुझा संगणक सुरू कर. दुसरी संमती तू दे.”

“अक्का, पूजेत बसवलंय त्याला. मीच कुंकू लावलंय सकाळी. विजयादशमीपर्यंत हात लावायचा न्हाई.”

ज्या विद्येवर मनस्विनीला या खुर्चीत बसवले होते तिच्यात या क्षणासाठी एकही वाक्य नव्हते. तिने फक्त भिंतीकडे बोट केले. दूरच्या वळणावरून माळांनी मढवलेली एक मोठी लॉरी हिरव्या दिव्याच्या भरवशावर वेग न आवरता येत होती.

भाग्यलक्ष्मीने पाहिले. मग तिने संगणकाला हात लावून तोच हात डोळ्यांना लावला, “चुकलं माकलं पोटात घाल, आई,” असे पुटपुटली, आणि माळ ओढून काढली.

संगणक जागा होऊ लागला. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके गोल फिरू लागले. जगातल्या कुठल्याच जपमाळेचे मणी इतक्या सावकाश सरकले नसतील. झेंडूच्या पाकळ्या कळफलकावर सांडल्या होत्या. तिने त्या फुंकरीने उडवल्या. परवलीचा शब्द टाइप केला. चुकला. कुंकवाच्या बोटांनी कळा चिकट झाल्या होत्या.

“सावकाश, भाग्या. सावकाश.” मनस्विनी म्हणाली.

भिंतीवर लॉरीने ब्रेक लावले होते. चालकाने पाहिले होते. माणूस होता तो, त्याला अप्पा दिसले. पण चाकांखाली कोहळ्यांचा गर होता. लॉरी थांबत नव्हती, सरकत होती, तिचे मागचे अंग तिरके होत होते, आणि तिला टाळायला शेजारच्या रांगेतली बस आत घुसत होती, कारण बसला दिवा हिरवा होता. अप्पांनी रोप खाली टाकले नाही. ते पडलेल्या माणसावर ओणवे झाले आणि रोप त्यांनी ढालीसारखे पाठीमागे धरले. केळीचे रोप. कोणतेही लहान मूल ते मोडू शकते.

“झालं!” भाग्यलक्ष्मी ओरडली.

पिवळी चौकट लाल झाली. माथ्यावर शब्द आला: माणूस. आणि चौकाच्या चारी बाजूंना दिवे लाल झाले. बस जागीच थांबली. तिने सोडलेल्या जागेत लॉरीने तोंड फिरवले, आणखी थोडी सरकली, आणि थांबली. केळीचे पान तिच्या बंपरला टेकले होते.

कडेची माणसे चौकात धावताना दिसत होती. पाठीमागे काचेचे दार उघडले. अभिराज पाहुण्यांना घेऊन बाहेर आला होता. त्याने जमिनीवरची माळ पाहिली, उघडा संगणक पाहिला, आणि मग भिंत पाहिली. तिच्यावर लाल चौक आणि वळणावरून येणारी रुग्णवाहिका. त्याला क्षणही लागला नाही. तो पाहुण्यांकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला की हेच त्याला दाखवायचे होते: यंत्र आणि माणूस, हातात हात घालून. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

ते गेल्यावर ती म्हणाली, “कोहळा बंद कर. हे नावच काढून टाक.”

“आणि संध्याकाळी? संध्याकाळी शहरात हजारो कोहळे फुटणार आहेत. सगळ्या अँब्युलन्स भोपळे गोळा करत फिरतील. गेल्या वर्षी तो हार्ट अटॅकवाला गेला, त्याचं नाव तरी माहितीये तुला?”

तिला माहीत नव्हते. आणि याहून भयंकर म्हणजे, अभिराजचे म्हणणे खोटे नव्हते. ‘कोहळा’ हे नाव ठेवले तर पडलेले मरणार होते. काढले तर रुग्णवाहिकेची वाट पाहणारे. त्याने फक्त ज्याची नोंद होत नाही ते मरण निवडले होते, आणि या निवडीला तो व्यवस्थापन म्हणत होता.

“मग प्रत्येक कोहळा माणसानं बघायला हवा.”

“सणाच्या रात्री कोण बसणार, मनस्विनी? तुला बसायचं तर बस. ऍक्सेस आहे तुला.”

गवीपुरमच्या घरी ती पोहोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. गल्लीतल्या गाड्यांच्या पूजा सुरू होत्या. धप्प. कुठेतरी पहिला कोहळा फुटला.

अप्पा आंघोळ करून ओसरीवर बसले होते. कपाळ कोरे. मनस्विनीची आई गेल्यापासून घरात दोघेच. त्यांनीच चहा टाकला होता. सदरा बादलीत भिजत होता आणि बादलीतले पाणी कुंकवाच्या रंगाचे झाले होते; निदान त्या पाण्याकडे पाहून तसे म्हणता येत होते.

“मनू, तुझ्या मशीनला मानलं बघ!” ते म्हणाले. “लॉरी इथवर आली होती, इथवर. म्हटलं, संपलं. तेवढ्यात चारी बाजूंना लाल! मी त्या खांबाला हात जोडले की. लोक म्हणाले, अण्णा, खांबाला का नमस्कार करताय? म्हटलं, माझी लेक आहे तिथं वर.”

तिने कप खाली ठेवला. “आणि तो माणूस?”

“कल्लाप्पा.” अप्पांचा चेहरा पडला. “नाव सांगितलं त्यानं मला. पाणी मागत होता, पण ते अँब्युलन्सचे पोरगे म्हणाले, पाणी देऊ नका. गाडीत घातला तेव्हा श्वास होता. मी नंबर देऊन आलो होतो. मघाशी ड्रायव्हरचा फोन आला. म्हणाला, स्वल्प आधी कळलं असतं तर.”

ती चौकट पडद्यावर केव्हा उमटली होती, ते मनस्विनीने दुपारीच पाहिले होते. ती अप्पांना ‘जेवलात?’ असे विचारत होती, तेव्हा.

“अप्पा, त्या मशीननं त्याला कोहळा म्हटलं.”

“म्हणजे?”

“पडलेला माणूस नाही, फुटलेला कोहळा. म्हणून दिवा हिरवा होता. म्हणून कोणी आलं नाही. ते त्याला मी शिकवलं. न बघता.”

धप्प. या वेळी जवळच. लहान मुलांच्या ओरडण्याचा आवाज आला.

अप्पांनी बादलीकडे पाहिले. “मी पण होतो की तिथं,” ते म्हणाले. “मला काय म्हटलं?”

“तेच.”

त्यांनी मान हलवली, एखादा जुना हिशेब पटल्यासारखी. उंबऱ्याजवळ घरचा कोहळा तयार होता, भोक पाडलेला, आत कुंकू, वर कापराची वडी. स्कूटरवरून ओवाळून दारात फोडायचा. इतक्या वर्षांत एकदाही चुकलेले नव्हते. अप्पांनी तो दोन्ही हातांनी उचलला, आत नेला आणि स्वयंपाकघरात फळीवर ठेवला. बाहेर आले ते चष्मा पुसत.

“दाखव मला. काय काय बघायचं असतं?”

तिने ओसरीवर लॅपटॉप उघडला. फोनवर पलीकडे भाग्यलक्ष्मी, तिच्या खोलीत, तिच्या पडद्यापुढे. चित्रे येऊ लागली. शहरभरातल्या चौकांतून, एकामागून एक, पिवळ्या चौकटींत.

“हा?”

“कोहळा.”

“हा?”

“कोहळा, अप्पा. बघा, साल दिसतेय हिरवी.”

“आणि हे?”

“माळ आहे नुसती.”

बाहेर धप्प, पाठोपाठ पुन्हा धप्प. आणि प्रत्येक आवाजासरशी आता कुठल्यातरी खांबावर एक चौकट उघडत असणार. मनस्विनीला वाटले, हे सगळे शहर तिच्या डोळ्यांपुढे स्वतःचे डोके आपटून घेते आहे, आणि त्यातले कुठले खरे ते तिने सांगायचे आहे.

“थांब.” अप्पांनी तिचे मनगट धरले. “मागं घे.”

पांढरे काहीतरी होते. लाल काहीतरी. झेंडू. कडेला अर्धी सावली, जी चाकाची असू शकत होती किंवा खांद्याची. खात्रीचा आकडा उत्तम होता.

“भाग्या, दिसतंय?”

“बघतोय की, अक्का.” फोनमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता. “हलंना झालंय.”

तिघेही पाहत राहिले. ते हलत नव्हते.

“हललं नाही तर?” अप्पांनी हळूच विचारले.

दुपारीही पाच बोटे उघडली नसती, तर. मनस्विनीने ‘माणूस’ दाबले. पलीकडून भाग्यलक्ष्मीनेही दाबले, न विचारता. कुठल्याशा चौकाच्या चारी बाजू लाल झाल्या, आणि एक रुग्णवाहिका भोंगा वाजवत त्या दिशेने निघाली. या शहरात जर त्या क्षणी कोणी तिची वाट पाहत असेल, तर त्याच्यापासून दूर.

अप्पांनी तिचे मनगट सोडले नव्हते. पुढचे चित्र आले.